टपालाने आलेली विद्या

मंडळी, आपल्या गोंदिया जिल्ह्यात, मग ते आमगाव असो की देवरी, घरातला एखादा माणूस गप्प गप्प राहू लागला, जेवणावरून त्याचे मन उडाले, रात्र-रात्र तो जागा राहू लागला, तर घरची वडीलधारी माणसे पहिल्याने काय म्हणतात? "बाहेरचं काही लागलं असेल, बैगाला दाखवून आणा." दुसरा कोणी म्हणतो, "काही नाही, आळस आहे. कामाला लावा, आपोआप सुधरेल." आणि तिसरा, जरा शिकलेला, दबक्या आवाजात म्हणतो, "नागपूरला न्यावं का?" नागपूरला म्हणजे कुठे, हे तो बोलत नाही, पण ऐकणाऱ्या सगळ्यांना कळते. छिंदवाडा रोडवरच्या त्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात.

या तीन सल्ल्यांखेरीज एक चौथी वाट आहे. एक साधी खोली, समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवर मानसशास्त्रज्ञ बसलेला, दुसरीवर आपला माणूस. दार लोटलेले. आणि पाऊण तास नुसते बोलणे. सुई नाही, अंगारा नाही. शेवटी ठरलेली फी द्यायची आणि पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन घरी यायचे. "बोलण्याचे पैसे घेतात म्हणे!" असे आश्चर्य आपल्याकडे पुष्कळांना वाटते. बैगाला कोंबडा आणि नारळ देताना ते वाटत नाही, ही गोष्ट वेगळी. तर बोलून बरे करण्याची ही विद्या आली कुठून, आपल्या मराठी मुलखात तिने पाय कसा रोवला आणि त्या बंद दाराआड नेमके चालते काय, हे आज आपण पाहू.

सुरुवात मात्र खुर्चीपासून झाली नाही. ती झाली उंच भिंतींपासून. १८५८ साली, म्हणजे कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले त्याच वर्षी, इंग्रजांनी वेड्यांविषयीचा कायदा केला. त्या कायद्याचा रोख बरे करण्यावर कमी आणि बंदोबस्तावर जास्त होता. रस्त्यावर भटकणारा वेडा पोलिसाने धरावा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा, डॉक्टरने दाखला द्यावा आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात व्हावी. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि १८६४ मध्ये नागपूरला असे इस्पितळ निघाले. आपला भाग त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला तो पार १ मे १९९९ रोजी. १८६४ साली गोंदियालाच काय, नागपूरलाही रेल्वे पोचलेली नव्हती. सालेकशाकडून कोणाला तिकडे न्यायचे तर बैलगाडीचाच प्रवास. माणूस एवढ्या लांब गेला, की गावाच्या लेखी तो गेलाच.

पुढे १९१२ मध्ये नवा कायदा आला. १९२० नंतरच्या काळात 'वेड्यांचे इस्पितळ' जाऊन 'मनोरुग्णालय' अशा अर्थाची पाटी लागली. पण पाटी बदलली तरी १९१२चा कायदा तसाच राहिला. त्याची जागा घेणारा कायदा १९८७ मध्ये मंजूर झाला आणि प्रत्यक्ष अमलात आला १९९३ मध्ये. हिशेब करून पाहा. देश स्वतंत्र झाल्यानंतर ४६ वर्षे आपल्याकडच्या मनोरुग्णांना परक्या सरकारचा कायदा लागू होता. मनाचा आजार म्हटला की पोलीस, कोर्ट आणि कुलूप ही जी भीती आपल्या आजीआजोबांच्या मनात बसली, ती उगाच बसलेली नव्हती.

आता जरा दूर, युरोपात जाऊ. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना नावाचे शहर आहे. तिथे १८८० साली योजेफ ब्रॉयर या नामांकित डॉक्टरकडे एक २१ वर्षांची मुलगी उपचाराला आली. बेर्टा पापेनहाइम तिचे नाव. वडिलांच्या आजारपणात त्यांची शुश्रूषा करता करता ती स्वतःच अंथरुणाला खिळली. हातपाय आखडले. मातृभाषा जर्मन, पण ती बोलता येईना; इंग्रजी तेवढे बोलता येई. काही दिवस तर तहानेने जीव कासावीस झाला तरी पाण्याचा पेला ओठाला लागला की ती तो दूर सारी. ब्रॉयर रोज तिच्याजवळ बसून तिचे बोलणे ऐकू लागला. बोलता बोलता एकदा तिला आठवले, की घरातल्या सोबतिणीच्या कुत्र्याला तिने पेल्यातून पाणी पिताना पाहिले होते. किळस आली होती, पण भीडेपोटी ती काही बोलली नव्हती. हे सांगून झाले आणि तिने पाणी मागून घेतले. या प्रकाराला तिनेच इंग्रजीत नाव दिले 'टॉकिंग क्युअर', म्हणजे बोलण्याचा उपचार. थट्टेने ती त्याला धुराडे झाडणे असेही म्हणे.

ही गोष्ट सांगताना पुष्कळ लोक इथेच थांबतात. मला ते बरोबर वाटत नाही. १८८२ मध्ये ब्रॉयरचे उपचार संपले तेव्हा बेर्टा पुरती बरी झालेली नव्हती. तिला त्यानंतरही आरोग्यधामात राहावे लागले. सावरायला बरीच वर्षे लागली. मग मात्र तिने अनाथ मुली आणि फसवल्या गेलेल्या स्त्रिया यांच्यासाठी मोठे काम उभे केले आणि १९०४ मध्ये जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली. बोलण्याचा उपचार जन्माला आला तोच असा, अर्धा यशस्वी. चुटकीसरशी गुण येतो असे जो सांगेल, त्याला ही हकीकत ऐकवावी.

ब्रॉयरचा तरुण मित्र सिग्मंड फ्रॉइड याने पुढे या बोलण्याचे शास्त्र बांधले. त्याचा बोलबाला आपल्या देशात पोचला तो टपालाने. कलकत्त्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडशी पत्रव्यवहार सुरू केला आणि १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. दोघांची भेट कधीच झाली नाही. इकडे मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा सुरू झाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. अंथरूण ओले करणारे, शाळेतून पळणारे, खोटे बोलणारे मूल घेऊन आईबापांनी यावे, आणि त्याला छडीऐवजी कोणीतरी समजून घ्यावे, ही कल्पना गुरुजनांनाही त्या काळी नवीच होती.

आता येतो आपल्या मराठी मुलखातल्या मुख्य गोष्टीकडे. हीही पुन्हा टपालाचीच आहे.

न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस नावाचा मानसशास्त्रज्ञ खासगी व्यवसाय करीत असे. जन्म १९१३ चा. पोरवयात तो विलक्षण लाजाळू. परक्या मुलीशी बोलायचे म्हटले की घाम फुटे. १९ व्या वर्षी त्याने स्वतःवरच एक प्रयोग केला. घराजवळच्या वनस्पतीबागेत रोज जायचे आणि बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रीशी चार शब्द बोलायचेच. महिनाभरात सुमारे शंभर जणींशी तो बोलला. पुन्हा भेटायला फक्त एक कबूल झाली, आणि तीही आली नाही! पण कोणी मारले नाही, पोलीस बोलावले नाहीत, आभाळ कोसळले नाही. त्याची भीती गेली. पुढे तो फ्रॉइडच्या पद्धतीने लोकांवर उपचार करू लागला, तेव्हा त्याला दिसले की माणसे वर्षानुवर्षे येऊन लहानपणच्या आठवणी सांगतात, त्यांना बरे वाटते, पण ती बरी होत नाहीत. १९५५ च्या सुमाराला त्याने ती वाट सोडली. एपिक्टेटस नावाचा एक पांगळा गुलाम प्राचीन रोमन राज्यात तत्त्ववेत्ता होऊन गेला. माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनांविषयीच्या त्याच्या समजुती त्रास देतात, असा त्याचा विचार. तोच धागा धरून एलिसने आपली उपचारपद्धती रचली. तिला मराठीत आपण विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो.

मुंबईचे मानसशास्त्रज्ञ प्राध्यापक किशोर मोरेश्वर फडके, म्हणजे कि. मो. फडके, यांनी एलिसचे लेखन वाचले आणि १९६८ मध्ये त्याला पत्र लिहिले. उत्तर आले. मग प्रश्न, त्याला उत्तर, त्यावर शंका, पुन्हा उत्तर, असा हा पत्रव्यवहार तीस वर्षांहून अधिक काळ चालला. अमेरिकेला जाऊन शिकण्याऐवजी मुंबईत बसून, आपल्याकडच्या माणसांवर उपचार करीत करीत, अडेल तिथे गुरूला पत्र टाकून विचारायचे, असे हे शिक्षण. एकलव्याची आठवण येते, फक्त इथे गुरूने अंगठा मागितला नाही. उलट एलिसच्या संस्थेने फडक्यांना आपले फेलो आणि या पद्धतीचे मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली. फडक्यांनी स्वतः व्यवसाय केला, पुस्तके लिहिली आणि पुढच्या पिढीला शिकवले. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही मराठी कादंबरी शाळेच्या ग्रंथालयात असायला हरकत नाही. ठाण्याला १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्याची जी संस्था काढली, तिच्यामुळे ही विचारपद्धती मराठी घराघरांत गेली.

पण पद्धत म्हणजे काय? त्यासाठी आपल्याच भाषेतले एक अक्षर घ्या, 'च'. 'पीक यावं' आणि 'पीक आलंच पाहिजे'. 'मुलाला चांगले गुण मिळावेत' आणि 'मुलगा पहिलाच आला पाहिजे'. 'लोकांनी मान द्यावा' आणि 'लोकांनी मान दिलाच पाहिजे'. पहिली इच्छा आहे, दुसरा हट्ट आहे. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस दुःखी होतो, चिडतो, दोन दिवसांनी पुन्हा कामाला लागतो. हट्ट पुरा झाला नाही तर तो स्वतःलाच नालायक ठरवतो, नाहीतर जगाला दुष्ट ठरवतो. एलिसने इंग्रजीत याला तसलाच एक शब्द घडवला होता. आपल्याला तो लागत नाही. मराठी माणसाला 'च' काढ म्हटले की पुरे.

त्या खोलीत प्रत्यक्ष बोलणे कसे चालते, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, आमगावकडचा एक धानाचा शेतकरी आहे. रोवणी चांगली झाली, पण ऐन लोंबी धरताना तुडतुडा पडला आणि बांधीच्या बांधी करपली. सोसायटीचे कर्ज डोक्यावर. महिनाभर माणूस घराबाहेर पडलेला नाही. मेहुण्याने त्याला मानसशास्त्रज्ञ बाईंकडे आणले. पहिल्या भेटीत बाई फक्त ऐकतात. झोप कशी, जेवण कसे, जीव नकोसा होतो का, हेही सरळ विचारतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे. उलट मनात दाबून धरलेले बोलायला जागा मिळते. दुसऱ्या भेटीत तो म्हणतो,

"मॅडम, मी आता तोंड दाखवण्याच्या लायकीचा राहिलो नाही."

"भाऊ, धान गेलं हे खरं. कर्ज आहे हेही खरं. पण लायकी गेली, हे कोणी सांगितलं? सोसायटीनं?"

"नाही."

"घरच्या बाईनं?"

"नाही जी. ती तर काही बोलतच नाही."

"तुमच्या चुलतभावाचं धान असंच गेलं असतं, तर तुम्ही त्याला नालायक म्हटलं असतं का?"

तो गप्प बसतो. बाईही गप्प बसतात. हे गप्प बसणे उपचाराचा भाग आहे बरे का. उत्तर त्याचे त्यानेच शोधायचे असते. जाताना बाई त्याला घरचा अभ्यास देतात, गुरुजी देतात तसा. "या आठवड्यात एकदाच सोसायटीत जा. सचिवांना भेटा. कर्जाचं काय होऊ शकतं एवढंच विचारून या." शंभर अनोळखी बायकांशी बोलणाऱ्या त्या पोराचीच ही युक्ती. भीती वाटते ते काम थोडे थोडे करायचे.

पाहा, यात सल्ला कुठे आहे? 'हिंमत ठेवा', 'सगळं ठीक होईल', 'पोराबाळांकडे पाहा' हे आपण सगळे म्हणतोच. सोयरेधायरे येऊन तेच म्हणून जातात आणि त्या माणसाला अधिकच एकटे वाटते. मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण मुख्यतः हे बोलणे आवरण्याचे असते. त्याला पैसे द्यायचे ते कशाचे, तर त्याच्या वेळेचे, शिक्षणाचे आणि गुप्ततेचे. फी ठरलेली असली की उपकाराचे ओझेही राहत नाही. शेजाऱ्यापाशी रडलो तर चावडीवर चर्चा होते, इथे होत नाही. लहान गावात हे सोपे नाही. दवाखान्याच्या पायरीवरच ओळखीचा भेटतो. म्हणून पुष्कळ जण मुकाट्याने नागपूरची गाडी धरतात.

आता माझे स्वतःचे मत. या विवेकाच्या शाळेत एक खड्डा आहे. कर्ज ही काही समजूत नव्हे. पडलेला भाव, फुटलेला तलावाचा बांध, दारुड्या नवऱ्याचा मार, या गोष्टी विचार बदलल्याने जात नाहीत. जो उपचार करणारा त्या स्त्रीला 'तू दृष्टिकोन बदल' एवढेच सांगेल, त्याने तिचे नुकसानच केले. चांगला मानसशास्त्रज्ञ दोन पारडी वेगळी ठेवतो. एकात खरी अडचण, तिच्यासाठी सोसायटी, तहसील, पोलीस, वकील. दुसऱ्यात त्या अडचणीवर मनाने चढवलेले जादा ओझे. ते उतरले की पहिल्यासाठी हात मोकळे होतात. तसेच काही आजारांत, कानात आवाज येणे, पराकोटीचा संशय, आलटून पालटून उन्माद आणि उदासी, नुसत्या बोलण्याने भागत नाही. औषध लागते, आणि ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच देतात. मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देत नाही.

गुरुजनांसाठी दोन शब्द. वर्गातले हुशार मूल एकाएकी मागे पडू लागले, डबा तसाच परत नेऊ लागले, तर चारचौघांत विचारू नका. मधल्या सुटीत बाजूला घ्या आणि विचारून झाल्यावर तुम्ही थांबा. तुम्ही उपचार करायचे नाहीत; ऐकायचे आणि योग्य ठिकाणी पोचवायचे. मात्र लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नका. २०१२ च्या कायद्याने ती कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. मानसशास्त्रज्ञावरही आहे. गुप्ततेला ही मर्यादा आहे, आणि जिवाला धोका असेल तेव्हाही.

पण गोंदियासारख्या जिल्ह्याला पुरतील इतके मानसशास्त्रज्ञ आणायचे कुठून? याचे एक उत्तर आपल्या विदर्भातच शोधले गेले. वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावचीच माणसे निवडून त्यांना उदासीचा आजार ओळखायला, ऐकून घ्यायला आणि धीराने बोलते करायला शिकवले. गंभीर रुग्ण डॉक्टरकडे पाठवले. आधी अशा आजाराच्या शंभर माणसांत जेमतेम चार जण उपचाराला जात. दीड वर्षाने पाहिले तर सत्तावीस जात होते. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या माणसांनी सहा ते आठ भेटींत बोलून उपचार केले, तेव्हा तीन महिन्यांनी शंभरातले ६४ जण आजारातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांत ३९. आफ्रिकेत झिंबाब्वे देशात २००६ पासून आजीबाई दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून हेच काम करतात. न्यूयॉर्कच्या बागेतला बाक फिरत फिरत असा कुठे पोचला, पाहा!

कायदाही आता बदलला आहे. जीव देण्याचा प्रयत्न हा १८६० च्या दंडसंहितेत गुन्हा होता, म्हणून घरचे लोक तो लपवीत आणि उपचाराची वेळ निघून जाई. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावे आणि त्याची काळजी घ्यावी, असे तो सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर ते जुने कलमच राहिलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठरतो. मनोरुग्णाला साखळदंडाने बांधणेही २०१७ च्या कायद्याने बंद केले. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे जळून मेली होती.

तेव्हा कोणाकडे जायचे झाले तर पाटी वाचून जा. 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' लिहिले असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. पहिल्याच भेटीत फी किती, किती भेटी लागतील असा अंदाज आहे आणि बोललेले कुठवर गुप्त राहील, हेही विचारून घ्या. चांगला माणूस या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या विभागाची चौकशी करता येईल. आणि गाडीभाडेही जवळ नसेल तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने 'टेली-मानस' नावाची फोनसेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री कधीही लावता येतो, आणि पलीकडचा माणूस मराठीतून बोलतो.